निम्मा आकडा

फोटोकाकांनी स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढलं, 'पाच मिनिटांत येतो' ही पाटी लावली आणि ते स्वतःच्याच टाळूचा फोटो काढायला बसले. आता हे काही सोपं काम नाही हं! माणसाला स्वतःचं तोंड आरशात दिसतं, टाळू मात्र दिसता दिसत नाही. ती दिसते मागच्या लोकांना, आणि मागचे लोक मेले बोलत नाहीत, नुसते बघत बसतात. काकांनी मात्र पक्का बंदोबस्त केला होता. स्टुलाच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा, कॅमेरा तिपाईवर उंच चढवून खाली वाकवलेला, दिवा डावीकडचाच, आणि हातात रिमोट. मान खाली, हनुवटी छातीला, खटॅक. दर महिन्याला एक फोटो, त्याच जागी, त्याच उजेडात. तीस-पस्तीस वर्षं लोकांचे पासपोर्टचे फोटो काढलेल्या माणसाला उजेडाची लबाडी चालत नाही.

फोटो स्क्रीनवर आला. काकांनी गेल्या वर्षीचा त्याच्या शेजारी लावला आणि चष्मा कपाळावर चढवून दोन्ही निरखले. जुन्या फोटोत मधोमध चांगली बशीएवढी मोकळी जागा होती. नव्यात तिथं केस होते. दाट नव्हते, खोटं कशाला बोला, पण होते.

"जमलं की रे बाबा," काका स्वतःलाच म्हणाले आणि त्यांनी पाटी काढली.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते भूगोलाच्या बाईंमुळे. समोरच्या शाळेत शिकवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, नवऱ्यापासून केव्हाच वेगळ्या झालेल्या बाई. गेल्या वर्षी पासपोर्टच्या फोटोला आल्या आणि स्टुलावर बसून त्यांनी विचारलं, "हसू का?"

"पासपोर्टला हसायचं नसतं, बाई."

"मग हसायचं तरी कुठे?"

काकांची बायको जाऊन सात वर्षं झाली होती, आणि या सात वर्षांत त्यांना कुणी असलं काही विचारलंच नव्हतं. गडबडून ते स्टूल खालीवर करायला वाकले, खिशातला रिमोट दाबला गेला आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर त्यांची टाळू झळकली. बाईंनी निरखून बघितलं आणि अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं, "हे कुठलं बेट म्हणायचं?"

दोघंही हसले. काका जरा जास्तच हसले. बाई फोटो घेऊन गेल्या तशी त्यांनी स्क्रीन बंद केली, पण मनातली रुखरुख काही बंद होईना. वास्तविक बाई नुसती गंमत करून गेल्या होत्या, पण काकांनी ती जिवाला लावून घेतली. 'माझ्याबरोबर राहाल का' असं या बाईंना आपण विचारणार, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. आणि विचारायचं ते या बेटावर झाडी उगवल्यावरच, हेही ठरवलं. एकदा ठरवलं की काका ऐकणारे नव्हेत.

त्यांनी तेलं आणली नाहीत, जाहिरातीतल्या पावडरी आणल्या नाहीत. सरळ कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, "मला खरं औषध द्या. नसेल तर नाही म्हणून सांगा, मी टोपी घेतो."

डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या असतील, पण कामात चोख. त्यांनी भिंग लावून टाळू तपासली, वडिलांचे केस कसे होते ते विचारलं आणि गोळी लिहून दिली. रोज एक. पहिले काही महिने काहीच दिसणार नाही, सुरुवातीला केस थोडे जास्तही गळतील. वर्षभरानं खरं कळेल. बंद केली की मिळवलेलं सगळं परत जाईल. काही पुरुषांची इच्छा मंदावते, काहींचं मन उदास होतं, तसं वाटलं तर लाजायचं नाही, लगेच यायचं. गोळी चालू असताना रक्तदान करायचं नाही. काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

"आणि हे नीट ऐका," त्या म्हणाल्या. "प्रोस्टेटची रक्ततपासणी करता ना तुम्ही?"

"गेल्याच महिन्यात झाली. नॉर्मल आहे."

"ही गोळी त्या तपासणीतला आकडा साधारण निम्म्यावर आणते. आतला आजार कमी होत नाही, नुसता आकडा कमी दिसतो. म्हणून पुढच्या वेळी जे कोणी डॉक्टर असतील त्यांना सांगायचं, मी ही गोळी घेतो. ते आकडा दुप्पट करून वाचतील. विसरणार नाही ना?"

"छे छे, विसरतो कसला!"

आणि खरंच, ते विसरले नाहीत. पुढचा सगळा घोळ झाला तो विसरल्यामुळे नव्हेच.

घोळ झाला तो घरातल्या कायद्यामुळे. कायदा केला होता मुलीनं. आईच्या पोटात दुखत होतं तेव्हा ती कॉलेजात होती. आई वर्षभर म्हणत राहिली, "काही नाही गं, जरासं," आणि बाबांना म्हणत राहिली, "उद्या जाऊ या डॉक्टरकडे." त्या उद्याचा परवा होत गेला. शेवटी गेली तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. आई गेली, आणि मुलीनं बाबांना समोर बसवून सांगितलं, "या घरात यापुढे आजार लपवायचा नाही. दर वर्षी तपासणी. मी सोबत येणार. मंजूर?" काकांनी मंजूर म्हटलं. तेव्हा तिनं चंद्र मागितला असता तरी त्यांनी मंजूर म्हटलं असतं.

मुलगी बसडेपोत वेळापत्रकं बसवायचं काम करते. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटायची, हे शहराला ती सांगते, मग बाप किस झाड की पत्ती! दर वर्षी तपासणीच्या आदल्या संध्याकाळी ती विचारते, "बाबा, काही लपवत नाही ना?" बाबा म्हणतात, "नाही." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे तीच बोलते. झोप कशी, भूक कशी, पाय दुखतात का, सगळं तिला पाठ. काका तोंड उघडतात ते जीभ दाखवण्यापुरतं.

गोळीचं काकांनी तिला सांगितलं नाही. स्टुडिओत फिल्मच्या जुन्या काळ्या डबीत गोळ्या ठेवल्या आणि रोज दुकान उघडलं की एक घेतली. मनाची समजूतही तयार होती. आजार लपवायचा नाही असं ठरलंय, हौस लपवायची नाही असं कुठे ठरलंय? टक्कल हा काय आजार आहे? आता तुम्हीच सांगा, वकिलालाही सुचणार नाही अशी ही पळवाट! खरं कारण वेगळंच होतं. गोळी कळली की मुलगी विचारणार, केस कशाला हवेत? मग बाई आल्या. आणि तुझ्या आईनंतर मला कुणीतरी आवडलंय, हे वाक्य पोरीच्या तोंडावर म्हणायची काकांची छाती होत नव्हती.

यंदाही आदल्या संध्याकाळी मुलीनं भाजी चिरता चिरता विचारलं, "बाबा, काही लपवत नाही ना?"

"नाही गं," काका म्हणाले आणि पाणी प्यायले.

डॉक्टर जुने, घरचे. त्यांनी रिपोर्ट उलटसुलट केले. साखर ठीक, दाब ठीक. मुलीनं झोप, भूक, पाय सांगून टाकलं. मग डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेटचा आकडा तीनच्या जरासा वर. गेल्या वर्षीसुद्धा तेवढाच होता. वाढ नाही, काही नाही. या वयात यापेक्षा चांगलं काय हवं?"

मुलीनं हुश्श केलं. "बघा बाबा, उगीच घाबरत होतात."

घाबरत तीच होती. दर वर्षी रिपोर्ट येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आत्ता तिचा चेहरा असा उजळला की काकांना तो फोटोत धरून ठेवावासा वाटला. तेही हसले. आणि हसता हसता मध्येच थबकले.

तेवढाच? तेवढाच कसा?

निम्मा व्हायला हवा होता. वर्षभर एकही गोळी चुकवली नव्हती. गोळीनं आकडा निम्म्यावर यायला हवा, म्हणजे दीडच्या आसपास. आणि तो गेल्या वर्षीएवढाच आहे. म्हणजे आत काहीतरी वाढलंय, दुपटीनं वाढलंय, आणि गोळीनं ते झाकून ठेवलंय. फोटोवाल्याला झाकलेलं लगेच कळतं. लोकांचे डाग, सुरकुत्या तो जन्मभर झाकत आला होता, आणि झाकल्यानं डाग जात नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

"चला, पुढच्या वर्षी भेटू," डॉक्टर म्हणाले.

मुलीनं रिपोर्ट पिशवीत घातले. काका उठले. बोलावं? आत्ता, हिच्यासमोर? कालच हिला तोंडावर नाही म्हटलंय. आता सांगितलं तर हिच्या लेखी आपण आणि हिची आई एकाच माळेचे मणी. पुन्हा कधी विश्वास ठेवेल का ही आपल्यावर? त्यापेक्षा उद्या एकट्यानं यावं, डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावं. ते समजून घेतील. पोरीला कळायचंही नाही. हो, तसंच करू या. उद्या येऊ.

काकांचा हात दाराच्या मुठीवर होता. 'उद्या' हा शब्द मनात आला आणि तो हात तिथेच थांबला. हा शब्द कुणाचा, हे त्यांना बरोब्बर माहीत होतं. उद्या आलो की दुकानात गिऱ्हाईक असेल. परवा पाऊस असेल. मग वाटेल, एवढं काय, नॉर्मलच तर म्हणालेत डॉक्टर. असंच होतं माणसाचं. नाही! आज, आत्ता, इथेच. पोरगी चिडेल, रडेल, बोलायची बंद होईल, होऊ दे.

काका गर्रकन वळले आणि परत येऊन खुर्चीत बसले.

"डॉक्टर, आकडा चुकीचा वाचलात तुम्ही. तुमची चूक नाही, माझी आहे. मी केसांसाठी गोळी घेतो. वर्ष होईल. त्या गोळीनं आकडा निम्मा होतो. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं तसं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं, काकांनी सांगितलं. डॉक्टरांनी रिपोर्ट परत मागितला, पेन घेतलं, आकड्याशेजारी दुसरा आकडा लिहिला आणि तो दोनदा अधोरेखित केला. त्यांचा चेहरा आता मघासारखा नव्हता.

"बरं झालं बोललात," ते म्हणाले. "घाबरून जायचं कारण नाही. पण याला आता मी नॉर्मल म्हणणार नाही. स्कॅन करू. गरज पडली तर तुकडा काढून तपासू. याच आठवड्यात."

"गोळी बंद करू का?" काकांनी विचारलं. हो, जिवावर बेतलेलं असताना पहिला प्रश्न हा! पण वर्षभराची मेहनत होती हो त्या टाळूवर.

"मी तुमच्या कातडीच्या डॉक्टरांशी बोलतो, मग ठरवू," डॉक्टर म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

मुलगी हसली नाही. तिनं स्कॅनची वेळ घेतली, कागद पिशवीत घातले आणि चालू लागली. काका मागून. बसथांब्यावर दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. काकांनी ठरवलं, आता धुवायचंच तर सगळंच धुवून टाकू.

"अजून एक आहे," ते म्हणाले.

तिनं मान वळवली.

"समोरच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. मला आवडतात. अजून त्यांना विचारलेलं नाही. केस त्यासाठी वाढवत होतो. आता लपवलेलं खरंच काही नाही."

बस आली. मुलगी बसमध्ये चढली आणि पुढच्या सीटवर एकटी जाऊन बसली. काका मागे उभे राहिले. तिनं दिवसभर तोंड उघडलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. जेवण वाढायची, स्कॅनला घेऊन जायची, फॉर्म भरायची, पण बोलणं फक्त कामापुरतं. उद्या नऊला निघायचंय. पाणी पिऊन या. सही इथे. एरवी घर डोक्यावर घेणारी पोरगी अशी मुकी झाली की त्या घरात श्वास घेणंसुद्धा जड जातं. तिनं भांडी आपटली असती तरी काकांना बरं वाटलं असतं.

स्कॅननंतर तुकडा काढायचं ठरलं. तो काढून झाल्यावर, निकाल यायच्या आधीच, काका शाळा सुटायच्या वेळेला समोर जाऊन उभे राहिले. बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आल्या. काकांनी गठ्ठा हातात घेतला आणि न थांबता सगळं सांगून टाकलं. बेट, गोळी, आकडा, तुकडा, मुलगी.

"अहो, ती गंमत केली होती मी!" बाई मटकन कट्ट्यावर बसल्या. "त्यानंतर मी तुमच्या टाळूकडे बघितलंसुद्धा नाही."

"मी वर्षभर दुसरं काही बघितलं नाही."

"वेडे आहात का हो तुम्ही?"

"थोडासा. आजारीही असेन. नसेनही, निकाल यायचाय. हे सगळं माहीत असून माझ्याबरोबर राहावंसं वाटेल का, एवढंच विचारायला आलोय. घाई नाही. पण मी आता काही उद्यावर टाकत नाही, म्हणून विचारून ठेवलं."

बाईंनी पदर सारखा केला. "मला दवाखान्याची भयंकर भीती वाटते," त्या म्हणाल्या. "वासानंच कसंतरी होतं. निकाल कधी आहे?"

"परवा. चारला."

"खाली बाकावर बसेन. वर नाही येणार. तेवढं चालेल?"

"पळेल," काका म्हणाले.

परवा चारला बाई खरंच खाली बाकावर येऊन बसल्या. मुलीनं त्यांना पाहिलं, क्षणभर थांबली, आणि स्वतःजवळची पाण्याची बाटली त्यांच्या शेजारी ठेवून जिना चढली. काका मागोमाग वर गेले.

डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही. "आहे," ते म्हणाले. "कर्करोग आहे. पण लहान आहे, जागच्या जागी आहे, कुठे पसरलेला नाही. ऑपरेशन करून काढता येईल. आणि एक सांगतो. त्या दिवशी तुम्ही दारातून परत आला नसतात, तर मी तुम्हाला वर्षभर बोलावलं नसतं. वर्षानं काय झालं असतं ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचीही इच्छा नाही."

काकांनी ऑपरेशनबद्दल जे विचारायचं ते स्वतःच विचारलं. मुलगी शेजारी ताठ बसून होती. दोघं बाहेर पडले, जिन्याकडे वळले. मधल्या वळणावर मुलगी थांबली आणि भिंतीला टेकून हमसाहमशी रडायला लागली. काका तिच्यापुढे हात लोंबकळत ठेवून उभे राहिले. कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना.

"चिडू नकोस गं," ते म्हणाले. "चुकलो मी."

"चिडणार!" ती ओरडली. जिन्यातून चाललेली दोन माणसं चपापून भिंतीकडे सरकली. "का नाही चिडणार? आईवर चिडायचं होतं मला, बाबा! पोटभर चिडायचं होतं! का लपवलंस म्हणून भांडायचं होतं तिच्याशी. पण मला कळलं तेव्हा ती इतकी बारीक होऊन पडली होती की तिच्यावर आवाज कुठे चढवायचा? नुसता हात धरून बसले मी. आणि तुम्ही! केसांसाठी! केसांसाठी हो बाबा!"

"हो."

"तुम्ही आहात ना आता? ऑपरेशन होणार, बरे होणार, घरी येणार. मग मी रोज चिडणार आहे तुमच्यावर. सकाळी उठल्यापासून. म्हातारे होईपर्यंत."

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"चीड," ते म्हणाले. "मी आहे ऐकायला."

तिनं नाक पुसलं, दम घेतला आणि तिथेच, जिन्यात, सुरुवात केली.